मांडून ठेवतो

पत्र मोठं आहे. मुद्द्यापुरतं, लिहिणाऱ्या ताईंची ओळख लागणार नाही अशा बेताने, खाली देते.

"आमचा गाव गोव्यात, पेडणे-डिचोलीच्या सीमेवर. घरचा टिप्पर होता. २०१८ साली खाणी बंद पडल्या, तो विकला आणि नवऱ्याने टॅक्सी घेतली. कळंगुटला एका हॉटेलच्या स्टँडवर लावायचा. दीडेक वर्ष बरं गेलं आणि मार्च २०२० आला. गाडी अंगणात, हप्ता डोक्यावर आणि घरात खाणारी सहा तोंडं. गावात किराणा दुकान एकच. दुकानदाराला सगळा गाव भाऊ म्हणायचा. पाडव्याला सगळं बंद होतं, तेव्हा भाऊंनी मागच्या दाराने तांदूळ, तेल, गूळ दिला. पैशांचं काय विचारलं तर म्हणाले, 'मांडून ठेवतो.' तिथून चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, आमचं घर त्यांच्या वहीवर चाललं. पावसाळ्याचं पुरुमेंत, म्हणजे बेगमीचं सामान, तेसुद्धा उधारीवरच भरलं. मी डायरीत लिहून ठेवलंय, एकूण १८,६४० रुपये. चवथीच्या आधी कानातली कुडी गहाण टाकून ५,००० दिले. राहिले १३,६४०.

पुढे दुसरी लाट आली, दीर आजारी पडले, देणं तसंच राहिलं. भाऊंनी कधी विषय काढला नाही. पण समोर जायची लाज वाटायला लागली, म्हणून सामान म्हापशाहून आणू लागलो. मी बसस्टॉपवर जाताना अजूनही दुकानासमोरून न जाता देवळामागून जाते. मोपाचा विमानतळ झाल्यापासून भाडी मिळतात, आता पैसे आहेत. गेल्या वर्षी भाऊ गेले. बाराव्याला जाऊन आलो. दुकान वहिनी बघतात. नवरा म्हणतो, 'वहिनीला ठाऊकही नसेल, गेलेल्या माणसाची वही कशाला उकरतेस, देवळात देणगी देऊन मोकळे होऊ.' नणंदेचा नवरा कोर्टात कारकून आहे. तो म्हणतो, तीन वर्षं झाली की देणं संपतं. मला मात्र झोप नाही. द्यावे का? कसे द्यावे? आणि आम्ही वाईट माणसं आहोत का?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी बाजूला ठेवते. तो प्रश्न माणूस स्वतःला रात्री दोन वाजता विचारतो आणि त्याचं कुठलंही उत्तर मिळालं तरी सकाळी वाण्याचे पैसे फिटलेले नसतात. १३,६४० रुपयांचं बोलू.

पैसे द्यायचे. यात मला दोन मतं दिसत नाहीत आणि खरं तर तुम्हालाही दिसत नाहीत. नाहीतर साडेतेरा हजारांचा आकडा तुम्ही इतकी वर्षं डायरीत सांभाळला नसता.

आधी तुमच्या नणंदेच्या नवऱ्याचं बघू, कारण कोर्टातला माणूस बोलला की घरातली बाकीची गप्प होतात. ते अगदीच चुकीचं बोलले नाहीत. मुदतीचा वायदा न करता उधारीवर माल दिला, तर त्या पैशांसाठी दावा लावायला माल दिल्यापासून तीन वर्षं असतात. पण त्या काळापुरती एक गोष्ट ते विसरले. साथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला होता. म्हणजे तुमच्या उधारीचं घड्याळ चालू झालं तेच मार्च २०२२ पासून, आणि तीन वर्षं भरली फेब्रुवारी २०२५ अखेर. आता तीही उलटली, हे खरं. वहिनी उद्या कोर्टात गेल्या तर त्यांचा दावा उभा राहणार नाही. पण मुदतीचा कायदा कोर्टाचं दार बंद करतो, वहीतला आकडा खोडत नाही. देणं देणंच राहतं. मुदत उलटल्यावर कुणी आपणहून पैसे दिले तर ते धर्मादाय ठरत नाहीत, कर्जफेडच ठरते, आणि नंतर परतही मागता येत नाहीत. हे त्यांना सांगा. आणि एवढंही विचारा, की भाऊंनी पाडव्याला मागचं दार उघडलं ते कुठल्या कलमाखाली?

त्या दिवसांची आठवण लोकांच्या मनात आता गुळगुळीत झाली आहे, म्हणून थोडं सांगते. २२ मार्चचा रविवार जनता कर्फ्यूचा. आपल्या गोव्यात त्याच दिवशी जिल्हा पंचायतीचं मतदान ठरलेलं होतं, ते ऐनवेळी पुढे गेलं. २५ मार्चला पाडवा, देशभरची टाळेबंदी सुरू झाली तोच दिवस. आपल्याकडे पहिले काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद होती. सामान घरपोच येणार, असं सांगत होते. कुणाच्या घरी आलं, कुणाच्या नाही. चोर्ल्याच्या घाटातून येणारी बेळगावची भाजी आणि दूध अडलं. महाराष्ट्राच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका बंद झाला आणि बांद्याला माहेर असलेल्या आमच्या शेजारणीला पलीकडचं माहेर विलायतेइतकं लांब वाटू लागलं. एप्रिलच्या १९ तारखेला गोव्यातले सातही रुग्ण बरे झाले, मे महिन्यात आपण हिरव्या विभागात आलो, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण टॅक्सीवाल्याला त्या हिरव्या रंगाचा काय उपयोग? विमानं बंद, चार्टर बंद, हॉटेलं बंद. पर्यटन थोडंफार उघडलं ते जुलैत, धो धो पावसात.

म्हणजे तुमच्या नवऱ्याला दोन वर्षांत दोनदा घरी बसावं लागलं. एकदा खाणीने बसवलं, एकदा साथीने, आणि दोन्ही वेळा त्याची चूक काडीची नव्हती. हे मी त्याला सूट म्हणून लिहीत नाही. त्याला 'वही उकरू नको' असं का वाटतं, ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. त्या वहीत त्याला पैसे दिसत नाहीत. अंगणात उभी गाडी आणि दुकानात बायकोला पाठवणारा आपण, हे दिसतं. पुरुषमाणसं उपाशी राहिल्याचं सांगतात, उधारीवर जेवल्याचं सांगत नाहीत.

आता दुकानदाराच्या बाजूने बघा. रिझर्व्ह बँकेने तेव्हा हप्त्यांना सवलत दिली होती, आधी मेअखेरपर्यंत, मग ऑगस्टअखेरपर्यंत. तुमच्या टॅक्सीलाही ती मिळाली असेल. पण व्याज थांबलं नव्हतं. हप्ता फक्त पुढे ढकलला होता. भाऊंच्या वहीत व्याजाचा रकानाच नव्हता. आणि भाऊंना कुणी सवलत दिली? आमच्या ओळखीच्या दुकानदारांना त्या दिवसांत घाऊकवाला सांगायचा, रोख आणा आणि माल न्या. म्हणजे इकडे गावाला उधार, तिकडे बाजारात रोख, आणि मध्ये एक माणूस गल्ल्यातलं, मग बँकेतलं, मग बायकोच्या डब्यातलं काढून घालतोय. तुम्ही कुडी गहाण टाकलीत. त्यांनी काय टाकलं, हे तुम्हाला कधी कळलंय का? बहुधा वहिनींना ठाऊक असेल. तुमचा नवरा म्हणतो तसं त्यांना 'ठाऊकही नसेल' यावर माझा विश्वास नाही. गावच्या दुकानात वही नवऱ्याची असते आणि हिशोब बायकोच्या डोक्यात असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. फोंड्याला आमचा छोटा छापखाना आहे. फेब्रुवारी-मार्च हे आमचे दिवस. लग्नपत्रिका, जत्रांच्या नाटकांची हँडबिलं, आणि त्या वर्षी वरून जिल्हा पंचायतीची पत्रकं. सगळं छापून गठ्ठे बांधून तयार आणि सगळंच बंद. मुहूर्त टळलेल्या पत्रिकेचं काय करायचं सांगा. मागे लहान मुलांनी चित्रं काढली. एका उमेदवाराची पत्रकं नेली होती, पैसे मतदानानंतर ठरले होते. मतदान झालं डिसेंबरच्या १२ तारखेला, तोवर त्याचा पक्ष आणि आवाज दोन्ही बदलले होते. ते पैसे अजून यायचे आहेत. मी आता वाट पाहत नाही, नाव मात्र लक्षात आहे.

तर येणं असलेल्या बाजूने एक गोष्ट सांगते, जी देणाऱ्याला कधी कळत नाही. तुम्ही देवळामागून जाता ना? मीसुद्धा गल्ली बदलली होती. आमच्याकडून पत्रिका नेलेलं एक कुटुंब शेजारच्या वाड्यावरच राहतं. त्यांचं बाजारात दिसणं मला नको व्हायचं. समोर गेले तर त्यांना वाटणार मागायला आले, हसले तर वाटणार आठवण करून देते, नाही हसले तर वाटणार राग धरलाय. शेवटी मी आपली पलीकडून मासळी घ्यायला लागले. देणेकऱ्याला वाटतं लाज फक्त आपल्याला आहे. पण येणेकरीही लपत असतो हो. तुमच्या गावात गेली पाच वर्षं दोन घरं एकमेकांना चुकवत चालली आहेत आणि दोघांनाही वाटतंय, समोरचा आपल्याला चुकवतोय.

आणि दुसरी गोष्ट. २०२२ साली जत्रा परत भरू लागल्या, तेव्हा एका गावच्या नाट्यमंडळाचे सचिव आमच्याकडे आले. नव्या नाटकाचं हँडबिल छापायचं होतं. मजकुराचा कागद खिशातून काढण्याआधी त्यांनी टेबलावर २,३०० रुपये ठेवले. २०२० च्या न झालेल्या नाटकाचे. म्हणाले, "आदीं आदलें घेयात, मागीर नवें." बस. कारण नाही, माफी नाही, साथीचं पुराण नाही. मी पावती फाडली, त्यांनी कागद पुढे केला, आम्ही नायकाचं नाव मोठ्या टाइपात घ्यायचं की खलनायकाचं यावर वीस मिनिटं भांडलो. त्या दिवशी घरी गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, आज छापखाना उघडला. उघडा तर तो दीड वर्षापासून होता.

मला तुम्हाला सांगायचं ते हेच. पैसे हे पैसे म्हणून द्या. उपकाराची फेड म्हणून देऊ नका. भाऊंनी त्या दिवसांत जे केलं त्याचे उपकार फिटणारे नाहीत आणि ते फेडायला गेलात तर तेरा हजार फार थोडे वाटतील, मग भाषण करावंसं वाटेल, मग रडू येईल आणि बिचाऱ्या वहिनींना दुकान सोडून तुमची समजूत घालावी लागेल. तांदळाचे, तेलाचे, सुक्या बांगड्यांचे पैसे राहिले होते, ते द्यायला आले. इतकंच.

देवळाच्या देणगीचं तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. देवाला द्यायला माझी हरकत नाही, पण देवाने तुम्हाला तूरडाळ दिली नव्हती, भाऊंनी दिली होती. पावती पुस्तकावर तुमचं नाव देणगीदार म्हणून येणार आणि त्याच देवळाच्या पायरीवर वहिनी तुम्हाला बघणार. हा सौदा मला बरा दिसत नाही. त्यांचे त्यांना आधी द्या, उरलं तर देवाला द्या. देव चवथीपर्यंत थांबतो.

आता कसं द्यायचं. नवऱ्याला न सांगता जाऊ नका. त्याच्या पाठीमागे फेडलंत तर उद्या वहिनी त्याला बोलून जाणार, "बरं केलंत हो," आणि तो दुसऱ्यांदा लाजणार. त्याला सांगा, मी सोमवारी जातेय, तू आलास तर बरं, नाही आलास तरी जाणार. ओढून नेऊ नका. माझा अंदाज विचाराल तर तो गाडीने सोडायला येईल आणि गाडीतच बसून राहील. बसू दे. तेही येणंच आहे.

वेळ सकाळी दहा-साडेदहाची धरा. पाववाला येऊन गेलेला असतो, शाळेची गर्दी ओसरलेली असते आणि दुपारी दीडला दुकान बंद व्हायला अवकाश असतो. संध्याकाळी मुळीच नको, संध्याकाळी गावचं दुकान म्हणजे ग्रामसभा. आणि मोबाईलवरून पैसे टाकू नका. वहिनींनी काउंटरवर ते बोलणारं यंत्र ठेवलं असेल, तर "तेरा हजार सहाशे चाळीस रुपये प्राप्त" असं ते सगळ्या वाड्याला ऐकवेल. रोख न्या, पाकिटात घालू नका, पाकीट लग्नाचं दिसतं. नोटा मोजून, डायरीच्या त्या पानासकट.

सगळे एकदम द्या. तुमच्याकडे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. हप्ते पाडलेत तर दर महिन्याला हाच पोटात गोळा.

वहिनींनी भाऊंची वही काढली आणि त्यात आकडा वेगळा निघाला तर? जास्त निघाला तर त्यांचा खरा धरा, वाद नको. तुम्ही तेव्हा एखादी साखर लिहायची विसरला असाल. कमी निघाला तर तुमचा खरा धरा. भाऊंनीही काही गोष्टी मुद्दाम लिहायच्या टाळल्या असतील, त्या वर्षी बऱ्याच दुकानदारांनी टाळल्या. वही नाहीच सापडली तर नव्या वहीत लिहायला सांगा, भाऊंच्या नावाने जमा, आणि तुमच्यासमोर लिहायला सांगा. लिहिलेलं पान लिहूनच बंद होतं.

त्या "राहू दे गो" म्हणतील. पहिल्यांदा म्हणतीलच, आपल्याकडे म्हटल्याशिवाय घेत नाहीत. दुसऱ्यांदाही म्हणतील. तुम्ही पैसे काउंटरवरून उचलू नका आणि दुसरंच काही बोलायला लागा, यंदाचे आंबे, पाऊस, काहीही. बोलता बोलता त्या गल्ल्यात टाकतील.

व्याज द्यावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. रोख व्याज देऊ नका. वाणी आणि गिऱ्हाईक हे नातं सावकार-कुळाचं करू नका. त्याऐवजी महिन्याचं सामान परत तिथून आणायला लागा. म्हापशाच्या मोठ्या दुकानात डाळ किलोमागे चार-पाच रुपयांनी स्वस्त पडत असेल. पडू दे. एकटी बाई गावात दुकान चालवतेय आणि अर्धा गाव रविवारी गाडी काढून म्हापशाला जातोय. तुमच्यासारखी आणखी किती घरं त्या जुन्या वहीमुळे तिच्या दुकानाची पायरी चुकवत असतील, याचा विचार केलात का? भाऊंनी गावाला उधार दिलं आणि त्यामुळेच गिऱ्हाईक तुटलं, हे मी दोन-तीन गावांत डोळ्यांनी पाहिलंय. ज्याने रोखीशिवाय माल दिलाच नाही त्या दुकानात लोक ताठ मानेने जातात. हा अन्याय मला साथीपेक्षा जास्त टोचतो.

भाऊंशी बोलायचं राहिलं, हे तुमच्या पत्रात तीनदा आलंय. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. भाऊ असताना गेला असतात तर बरं झालं असतं, हे मी गोड शब्दांत झाकून सांगणार नाही. वहिनींना मात्र ती पाडव्याची सकाळ सांगा, मागच्या दाराची. पैसे देताना नको, नंतर कधीतरी, दुकानात कुणी नसताना. कदाचित त्यांना ती ठाऊक नसेल. नवऱ्याविषयीची एखादी नवी गोष्ट तो गेल्यावर ऐकायला मिळणं हे बाईला काय असतं, ते मी सांगायला नको.

जाताना पिशवी न्या आणि सामानाची यादी करून न्या, थोडी लांबच. मोकळ्या हाताने दुकानात शिरलेली बाई देणं द्यायला आलीय, हे गावाला बाहेरूनच कळतं.